ज्याला दिसलं, त्याचं ते

३ मार्च, सोमवार

आजपासून माझं पद गेलं. पगार आहे, खुर्ची आहे, पद नाही. सतरा वर्षं मी ह्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. माझी सही झाल्याशिवाय इथून एक बटणसुद्धा बाहेर गेलेलं नाही. आज सकाळी नवा मास्तर आला आणि हात पसरून म्हणाला, “आता टेस्टर असं वेगळं कुणी नाही. दर्जा ही सगळ्यांची जबाबदारी.”

मास्तर हे मी ठेवलेलं नाव. त्याच्या गळ्यातल्या पट्टीवर ‘स्क्रम मास्टर’ असं लिहिलंय. वय असेल चौतीस-पस्तीस. बूट भारी आणि आत मोजे नाहीत. तुमचं नेमकं काम काय, असं मी विचारलं तर म्हणाला, “मी कुणाला काम सांगत नाही. मी फक्त अडथळे दूर करतो.” पहिला अडथळा म्हणून त्याने माझ्या टेबलावरची ‘चाचणी प्रमुख’ ही पाटी उचलून माझ्या हातात दिली. मी ती खणात टाकली.

आमचा मॅनेजर पण गेला. म्हणजे माणूस तोच, पण तो आता ‘प्रॉडक्ट ओनर’. ज्याला स्वतःच्या घरी टीव्हीचा रिमोट हातात मिळत नाही, तो आमच्याकडे मालक झाला. म्हणजे गिऱ्हाइकाला काय हवं ते तो ठरवणार, मास्तर अडथळे उचलणार, आणि उरलेले आम्ही सगळे नुसते ‘मेंबर’. एक ना धड भाराभर चिंध्या.

पाटीचं मला काही नाही. पण म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

४ मार्च, मंगळवार

रोज सकाळी साडेनऊला उभ्याने मीटिंग. बसलं की माणसं फार बोलतात म्हणे. मास्तर आज उभ्याने चाळीस मिनिटं बोलला.

त्याच्याकडे एक लाल रबरी चेंडू आहे. ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय. मग चेंडू पुढच्याकडे टाकायचा. माझ्या वाट्याला आला तेव्हा मी तो झेलला नाही, तो टेबलाखाली गेला. मालकाने गुडघ्यावर बसून काढून दिला. शेहेचाळीस वर्षांच्या बाईने ऑफिसात चेंडू झेलायचे, हे माझ्या आईला कळलं असतं तर तिने मला नोकरी सोडायला लावली असती.

७ मार्च, शुक्रवार

भिंतीवर आता मोठा बोर्ड. ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने आणि त्यात चिकटवलेली रंगीत कार्डं. मंगळवारीच मास्तरने बोर्डाच्या वर जाड पेनाने नियम लिहिला: ‘ज्याला दिसलं, त्याचं ते.’

म्हणजे दोष ज्याला दिसेल, त्यानेच त्याचं कार्ड लावायचं, त्यावर आपलं नाव घालायचं, आणि तो दुरुस्त होऊन ‘झालं’मध्ये जाईपर्यंत रोज चेंडू हातात घेऊन त्याबद्दल बोलायचं. बोर्डावर दोषाचं कार्ड जितके दिवस राहील, तितके दिवस त्या माणसाने सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. पूर्वी मी दोष सांगायचे आणि ज्याने केला तो निस्तरायचा. आता जो बोलेल त्याच्याच गळ्यात घोंगडं.

परिणाम काय झाला? चार दिवसांत दोषाचं एकही कार्ड नाही. मास्तर टाळ्या वाजवून म्हणाला, “बघा, दर्जा किती सुधारला!” गाढवाला गुळाची चव काय.

जेवताना ह्यांना सांगितलं. आमचे हे लिफ्टचे मेकॅनिक. जेवताना सहसा बोलत नाहीत. आज घास थांबवून म्हणाले, “मग पडलं-झडलं तर धरायचं कुणाला?”

“सगळ्यांना.”

“म्हणजे कुणालाच नाही.” मग आमटी वाढून घेतली. “आमच्याकडे प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये कार्ड असतं. शेवटी कोणी तपासली, त्याची सही आणि तारीख. माझ्या सहीच्या लिफ्टमधून मी स्वतः जातो.”

मी म्हटलं, अहो, माझीही सही असायची. 

१२ मार्च, बुधवार

सापडला. शोधायला गेले नव्हते, पण सतरा वर्षांची खोड जाते कुठे.

आम्ही बनवतोय ते वृद्धाश्रमांसाठी गोळ्यांचं अ‍ॅप. सिस्टरच्या हातात टॅब. त्यावर यादी: कुणाला, किती वाजता, कुठली गोळी. दिली की ‘दिली’ दाबायचं. पेशंट झोपलेला असेल, जेवत असेल, तर ‘नंतर’ दाबायचं, म्हणजे अर्ध्या तासाने पुन्हा आठवण येते. येत्या अठ्ठावीसला पहिल्या वृद्धाश्रमात सुरू होणार.

दुपारी मी सहज दीड वाजताची एक गोळी ‘नंतर’वर टाकली. दोन वाजता सिस्टरची पाळी बदलते. दोन वाजले, नव्या सिस्टरची नवी यादी आली, आणि त्या यादीत ती गोळी नाही. जुन्या यादीत बघितलं, तर ती पाळी संपली म्हणून यादी बंद. गोळी गायब. ह्या सिस्टरची नाही, त्या सिस्टरची नाही. मी सहा वेळा करून बघितलं. सहाही वेळा गायब.

पूर्वीची मी असते तर दोन मिनिटांत मौनीच्या टेबलापाशी उभी राहिले असते. मौनी म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रॅमर. दिवसाला वीस शब्द बोलतो, त्यातले दहा ‘हो’ असतात. हा भाग त्यानेच लिहिलेला आहे.

उठले पण होते. मग बोर्डावरचा तो नियम दिसला, आणि पुन्हा बसले.

का सांगू? दर्जा सगळ्यांचा ना? मग सगळ्यांना दिसू दे. मालकाला दिसू दे, मास्तरला दिसू दे. सव्वीस-सत्तावीसपर्यंत कुणालाच दिसला नाही, की मी शांतपणे उठेन आणि सगळ्यांसमोर दाखवेन. त्यांना कळू दे टेस्टर नसली की काय होतं. मग माझी पाटी मास्तर स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवेल.

लहानपणा आहे, मला माहीत आहे. पण दोन आठवडे आहेत, कुणाचं काही बिघडत नाही.

१३ मार्च, गुरुवार

आज मौनी चहाच्या मशीनपाशी आला. बराच वेळ कप फिरवत उभा. मग म्हणाला, “ताई, तुम्ही ते ‘नंतर’ बघितलंत का?”

“का? तुला काही दिसलं का?”

“नाही, नाही. तुम्ही बघतच असाल म्हणून म्हटलं.”

“मी आता मेंबर आहे रे बाबा. चष्म्याचा नंबरही वाढलाय. मला काही दिसत नाही.”

तो ‘हो’ म्हणाला आणि कप न भरताच गेला. ह्या पोरांना अजूनही वाटतं, ताई आहेत, ताई बघतील. आपण लिहून मोकळं व्हायचं आणि तपासायचं बाईने. बसा म्हणावं आता.

१८ मार्च, मंगळवार

आज वृद्धाश्रमाची सिस्टर आली होती. मालकाने तिला अ‍ॅप दाखवायला बोलावलं होतं. पन्नाशीची, ठेंगणी, बोलायला मोकळी. सकाळची पाळी संपवून थेट आली होती. पिशवीत एक जाड वही, तिला रबरबँड. त्या वहीत तिथल्या बत्तीस म्हाताऱ्यांच्या गोळ्या बारा वर्षं लिहिल्या जातायत. पाळी बदलली की वही एका सिस्टरच्या हातातून दुसरीच्या हातात.

मालक एकेक स्क्रीन दाखवत होता. ‘नंतर’चं बटण आलं तशी ती म्हणाली, “हे बरं केलंत. आमच्या आठ नंबरच्या आजी आहेत ना, त्यांची फिटची गोळी दीडला असते. पण शब्दकोडं पुरं झाल्याशिवाय आजी तोंड उघडत नाहीत. कधी कधी पावणेदोन होतात, कधी सव्वादोन. मी वहीत लिहून जाते, की आजींची राहिली. पुढची सिस्टर देते. ह्यात कसं होईल? मी दोनला घरी गेले की?”

मी मालकाकडे बघितलं. म्हटलं, घे, आता तुझ्या ताटात वाढलंय. बघ करून.

मालक म्हणाला, “पुढच्या सिस्टर बघतीलच ना,” आणि लगेच पुढचा स्क्रीन काढला. कान लाल झाले होते त्याचे. एसी बंद होता म्हणून असेल. ज्याला बटण दाबून बघायचंही सुचत नाही, त्याला मालक केलाय.

जाताना ती माझ्यापाशी थांबली. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, की पूर्वी तपासायचं काम माझ्याकडे होतं. म्हणाली, “ताई, हे सगळे हुशार आहेत, पण मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगा. वही बंद केली तर चालेल ना?”

“ते सांगणं आता माझं काम नाही,” मी म्हटलं. “आमच्यात ते सगळ्यांचं असतं.”

ती हसली. “म्हणजे सगळ्यांनी बघितलंय. मग काय काळजी!”

मी पण हसले. दुसरं काय करणार? अजून दहा दिवस आहेत.

१९ मार्च, बुधवार

ती ‘मग काय काळजी’ सकाळपासून डोक्यात घोळतेय.

ह्यांना विचारलं, तुम्हाला एखाद्या लिफ्टमध्ये खोट दिसली आणि ती लिफ्ट तुमच्याकडे नसली, तर? म्हणाले, “बंद करून पाटी लावीन.”

“आणि तुमचे साहेब म्हणाले, की हे तुमचं काम नाही?”

“आधी पाटी लावीन, मग साहेबांचं ऐकीन.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “काय झालंय?”

काही नाही म्हटलं. माणसाला लिफ्टपलीकडे जग नाही.

२० मार्च, गुरुवार

मौनी आज बोर्डापुढे उभा होता. हातात कोरं कार्ड आणि पेन. मी वळले तसं त्याने कार्ड खिशात घातलं. काहीतरी काम चुकवत असणार.

मी ठरवलंय. पुढच्या बुधवारी सांगायचं. अगदी शेवटच्या दिवशी नको. दोन दिवस हातात ठेवून सांगू. मौनीला तेवढे पुरतील. मी काही राक्षसीण नाही.

२१ मार्च, शुक्रवार

चष्म्यासाठी सुट्टी घेतली होती. डोळ्यांत औषध घालून बसवलं होतं, त्यामुळे दुपारपर्यंत समोरचं धुरकट. संध्याकाळी फोन बघितला तर मास्तरचा मेसेज: ‘अ‍ॅप आजच सोडलं! आठवडाभर आधी! शाबास टीम!’ खाली फुगे आणि टाळ्या.

वृद्धाश्रमाच्या वरच्या साहेबांना पुढच्या आठवड्यात वेळ नव्हता म्हणून त्यांनी तारीख अलीकडे ओढली, आणि मालक हो म्हणाला. कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायला कोण आहे? सही कुणाची लागते आता?

फोन करावा असं वाटलं. कुणाला करणार? मास्तरला केला तर पहिला प्रश्न, तुम्हाला कधी दिसलं? वृद्धाश्रमाचा नंबर माझ्याकडे नाही. मालकाकडे मागता आला असता.

पण कुणीही लगेच वही बंद करत नाही. चार दिवस दोन्ही चालू ठेवतात. सोमवारी सांगेन.

२४ मार्च, सोमवार

मास्तरने केक आणला होता. बोर्डावरची सगळी कार्डं ‘झालं’मध्ये. फोटो काढला.

चेंडू माझ्याकडे आला. नवा चष्मा असल्यामुळे झेलला बरोबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाला, “ताईंची पहिली कॅच!” मालक हसला, मौनी मान खाली घालून उभा होता. मी तोंड उघडलं. आत्ता सांगितलं तर काय होणार, ते समोर दिसत होतं. मास्तर डोळे बारीक करून विचारणार, “हे कधी लक्षात आलं?” आणि मी बारा तारीख सांगणार.

“काल काय केलं?” मास्तर म्हणाला.

“रविवार होता.”

“अडथळा?”

“काही नाही,” मी म्हटलं, आणि चेंडू मौनीकडे टाकला. त्याच्या हातून तो पडला.

मौनी पण “काही नाही” म्हणाला.

२६ मार्च, बुधवार

आठ नंबरच्या आजी पडल्या. काल सकाळी. फिट आली आणि न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. उजवा हात मोडला, कपाळाला पाच टाके.

शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवस दुपारची गोळी मिळाली नव्हती. तिन्ही दिवस सिस्टरने ‘नंतर’ दाबलं, दोन वाजता टॅब पुढच्या सिस्टरच्या हातात दिला आणि ती घरी गेली. वही तिने शुक्रवारीच बंद केली होती. सगळ्यांनी बघितलंय म्हणून.

मालकाने सकाळी उभ्याने हे सांगितलं. चेंडू कुणी हातात घेतला नाही. मौनी आपल्या टेबलाशी गेला आणि वीस मिनिटांत दुरुस्त करून आला. वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते.

ह्या महिन्याच्या पहिल्या पानावर मी एक म्हातारीची म्हण लिहिली आहे. आज ते पान उघडलं आणि मिटलं.

मला राग कुणाचा येतोय ते कळत नाही. तारीख ओढणाऱ्या साहेबांचा येतो. न विचारता हो म्हणणाऱ्या मालकाचा येतो. सिस्टरचाही आला, खरं सांगते, की बारा वर्षांची वही एका दिवसात बंद करायची काय गरज होती बाईला. मग आठवलं, ती विचारून गेली होती.

२७ मार्च, गुरुवार

वृद्धाश्रमाचं पत्र आलं. सिस्टरला घरी बसवलंय. गोळ्या चुकल्या त्या तिच्या पाळीत, वही बंद केली तीही तिनेच. तिने जबाब दिला, की तुमच्या ऑफिसातल्या तपासणाऱ्या ताईंना विचारून बंद केली. तर अशी कुणी बाई तुमच्याकडे आहे का, आणि तिने तसं सांगितलं होतं का, असं त्यांनी विचारलंय.

मास्तरने उत्तर लिहिलं आणि मोठ्या पडद्यावर दाखवलं. ‘आमच्या कार्यपद्धतीत तपासणीचं स्वतंत्र पद नाही. वापराबाबत परवानगी देण्याचा अधिकार कोणत्याही एका सदस्याला नाही.’ दोन वाक्यं. दोन्ही खरी.

“सगळ्यांना ठीक वाटतंय का?” त्याने विचारलं आणि चेंडू फिरवला. मालक ठीक म्हणाला. मौनी नुसता मानेने. माझ्याकडे आला. मास्तर म्हणाला, “ताई, हे तुमच्या बाजूनेच आहे.”

मी ठीक म्हटलं.

म्हणजे ती खोटारडी ठरली. जिच्याकडे बघून मी हसले, ती. माझी पाटी काढली तेव्हा मी महिनाभर तोंड फुगवून बसले, आणि आज तीच नसलेली पाटी मी ढालीसारखी पुढे धरली. थू माझ्यावर.

ह्यांना सगळं सांगितलं. बारा तारखेपासूनचं. ते ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, “तू अशी नव्हतीस.” मग उठून ताट घासायला गेले. ताट रोज मी घासते.

२८ मार्च, शुक्रवार

आज मागे वळून बघायची मीटिंग. मास्तर तिला ‘रेट्रो’ म्हणतो. सगळ्यांना पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. काय चुकलं ते लिहायचं, नाव लिहायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचं. “आपण माणसाला दोष देत नाही,” तो म्हणाला, “पद्धतीत काय सुधारता येईल ते शोधतो.”

मी लिहिलं: ‘मला १२ तारखेला दिसलं होतं. मी सांगितलं नाही.’ अक्षर चांगलं आलं.

मास्तर एकेक उघडून वाचायला लागला. पहिली, ‘तारीख ऐनवेळी बदलली.’ दुसरी, ‘केक चांगला होता.’ तिसरी माझी. वाचून तो थांबला.  वाटलं, आता सगळे माझ्याकडे बघणार. पण कुणीच कुणाकडे बघितलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते.

चौथी उघडली. ‘मला १० तारखेपासून माहीत होतं. वाटलं ताईंना सापडेल, त्या कार्ड लावतील.’

पाचवी. ‘मला माहीत होतं, पण तारीख कबूल करून बसलो होतो.’

मौनीने डोळे मिटले होते. मालकाचे कान लाल. आज एसी चालू होता.

तिघांना. तिघांना माहीत होतं. मी त्यांना आंधळे म्हणत बसले, आणि ते माझ्याकडे बघत बसले होते. मी मुद्दाम तोंड मिटून बसले होते, एवढाच फरक. त्यांना निदान भीती तरी होती. मला तर मजा वाटत होती.

आणि मास्तरने काय करावं? तिन्ही चिठ्ठ्या एकाखाली एक चिकटवल्या, भोवती गोल काढला, वर लिहिलं: ‘संवाद वाढवू या.’ त्याचं एक कार्ड केलं आणि ‘करायचं’मध्ये लावलं. कार्डावर जबाबदार व्यक्तीची जागा असते. तिथे लिहिलं ‘टीम’.

मी उठून कार्डावरचं ‘टीम’ खोडलं आणि माझं नाव घातलं. खाली लिहिलं, ‘१२ मार्च’. सिस्टरकडे कोण जाणार, असं विचारलं. मास्तर माझ्याजवळ आला, हळू आवाजात म्हणाला, “ताई, आपण अशा वेळी नावं घालत नाही. लोकांना असुरक्षित वाटतं.” आणि कार्ड काढून नवं लावलं. त्यावर पुन्हा ‘टीम’. बोर्डाच्या वर अजून तो नियम तसाच होता.

आधी मला वाटलं, त्याच्या कानाखाली वाजवावी. मग वाटलं, ह्याला तरी काय म्हणायचं? आमच्यातला हा एकटाच, ज्याला खरंच काही माहीत नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

सकाळी वृद्धाश्रमात गेले. हे सोडायला आले होते, पण बाहेरच थांबले. पर्समध्ये पाटी घेतली होती. का, ते माहीत नाही.

व्यवस्थापकबाईंच्या खोलीबाहेर बाकावर सिस्टर बसली होती. लेखी खुलासा द्यायला बोलावलं होतं तिला. मांडीवर वही, तिला रबरबँड. मला बघून ती पटकन उठली. “बघा, मी म्हटलं नव्हतं? ताई आहेत म्हणून!” ती खोलीकडे तोंड करून ओरडली. मी तिला वाचवायला आले असं तिला वाटलं. आले होतेच, पण तिला वाटलं तसं नाही.

आत व्यवस्थापकबाईंनी कागद पुढे केला. मी लिहिलं: सिस्टरने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं नाही. कंपनीने पाठवलेलं पत्र मीही मान्य केलं होतं, ते चुकीचं आहे. खाली नाव, सही. ‘हुद्दा’ लिहिलेल्या ठिकाणी पेन थांबलं.

“काय हुद्दा तुमचा?” व्यवस्थापकबाई म्हणाल्या.

“आता काही नाही.”

“काहीतरी लिहा. रिकामं चालत नाही.”

मी ‘तपासणारी’ असं लिहिलं. पाटी बाहेर काढली नाही. ‘दोष केव्हा आढळला’ ह्यापुढे १२ मार्च लिहिलं. व्यवस्थापकबाई म्हणाल्या, ह्या एका कागदावर सिस्टरला लगेच परत घेता येणार नाही, पण मी आजच वर पाठवते.

सिस्टर मागोमाग आत येऊन माझ्या खांद्यावरून वाचत होती. “बारा?” ती म्हणाली. बोटांवर मोजलं तिने. “मी तर अठराला आले होते.”

“हो.”

“म्हणजे मी वही हातात धरून विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

तिने वहीचा रबरबँड काढला, पुन्हा लावला. मग म्हणाली, “आला आहात तर आजींना भेटून जा.”

आठ नंबरची खोली लहान आहे. खिडकीशी कॉट. आजींचा उजवा हात प्लास्टरमध्ये, कपाळाला पट्टी. मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक उघडं, आणि डाव्या हाताने काढलेली वेडीवाकडी अक्षरं चौकटींच्या बाहेर गेलेली.

“तू कोण गं?” आजींनी विचारलं.

सिस्टर दारात उभी होती. मी म्हटलं, “आजी, गोळ्यांची आठवण करून देणारं ते यंत्र आहे ना, ते मी तपासते.”

“अस्सं. मग तपासलं होतंस का?”

“हो आजी. तपासलं होतं.”

“मग बरं,” आजी म्हणाल्या आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. “अक्षर चांगलं आहे का तुझं? ये, बस इथे. मी सांगते, तू लिही.”